आखूड दुनाळी: परीक्षा तिसऱ्या बाराची

आखूड दुनाळी, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न नळीच्या लांबीचा विचारतो. माझ्या मते तो चौथा किंवा पाचवा प्रश्न आहे. दुनाळीतले पहिले दोन बार कुठल्याही बंदुकीतून निघतात. ती बिजागरावर उघडून, दोन रिकाम्या पुंगळ्या झटकून, दोन नवी काडतुसं भरून तिसरा बार किती लवकर निघतो, तिथे चांगली दुनाळी आणि वाईट दुनाळी वेगळी होते.

इथे बोलतोय ते अमेरिकेतल्या कोचगनबद्दल. एकोणिसाव्या शतकात वेल्स फार्गोसारख्या कंपन्यांच्या घोडागाड्यांवर गाडीवानाशेजारी पहारेकरी बसायचा, त्याच्या मांडीवरची ही बंदूक. आज ती मुख्यतः काउबॉय नेमबाजीच्या सामन्यांत दिसते. सिंगल अ‍ॅक्शन शूटिंग सोसायटीच्या नियमांनी होणाऱ्या या सामन्यांत दहा-पंधरा यार्डांवरच्या लोखंडी पाट्या घड्याळ लावून पाडायच्या असतात. नियमाने दोनच काडतुसं भरता येतात, नळ्या शेजारी-शेजारीच हव्यात, आपोआप पुंगळी फेकणारा इजेक्टर चालत नाही. म्हणजे चार पाट्या असतील तर मध्ये एकदा भरणं आलं, सहा असतील तर दोनदा.

आधी कायदा. अमेरिकेत शॉटगनची, म्हणजे छर्ऱ्यांच्या बंदुकीची, नळी 18 इंचांपेक्षा किंवा पूर्ण बंदूक 26 इंचांपेक्षा आखूड असेल, तर तिला 1934 च्या राष्ट्रीय बंदूक कायद्याखाली (नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्ट) वेगळी नोंदणी लागते. बाजारातली कोचगन साधारण 20 इंची असते, म्हणून तिला ही अडचण नाही. जुनी बंदूक घेताना मात्र कुणीतरी करवत चालवलेली नाही ना, हे स्वतः मोजा: बंदूक रिकामी असल्याची खात्री करा, ती मिटा, तोंडातून लाकडी काठी आत टेकेपर्यंत सोडा, तोंडाशी खूण करा आणि काठी मोजा. अठराच्या खाली भरली तर भाव कितीही चांगला असो, हात लावू नका. एच-1बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. वैध शिकार परवान्यासारखा अपवाद लागू नसेल, तर संघीय कायद्याने बंदूक बाळगता येत नाही, आणि रेंजवर भाड्याने घेतलेली बंदूकही त्यात येते. ग्रीनकार्डवाल्यांना ही आडकाठी नाही. आपल्याकडे, कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर बाराबोर असणाऱ्यांसाठी: 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 6 नुसार परवान्याशिवाय नळी कापून आखूड करणं गुन्हा आहे. ‘जरा सुटसुटीत करून घेऊ’ हा विचार तिथेच सोडा.

आता नळीच्या लांबीबद्दलचा मोठा गैरसमज. नळी आखूड म्हणजे छर्रे जास्त पसरणार, हे चूक. पसारा ठरतो तो मुख्यतः चोकवर, म्हणजे तोंडाशी नळी किती आवळली आहे त्यावर, आणि काडतुसावर. बाराबोर नळीचा आतला व्यास 0.729 इंच, इम्प्रूव्ह्ड सिलिंडर चोक तो सुमारे 0.010 इंच आवळतो, मॉडिफाइड सुमारे 0.020. पाट्यांसाठी याहून जास्त चोक नको. आखूड नळीने वेगही फारसा जात नाही, इंचामागे पाच-दहा फूट प्रतिसेकंद. बदलतं ते वेगळंच: तोंड कानाजवळ येतं म्हणून आवाज जास्त बसतो, आणि बंदूक चटकन फिरते तशीच चटकन थांबतेही. उभ्या पाटीला हे बरं पडतं. उडत्या मातीच्या चकतीवर मात्र फिरवणं मध्येच थांबतं आणि बार मागे राहतो. दोन्ही खेळ खेळायचे असतील तर सरळ 24-26 इंची घ्या.

खरी निवड चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या नळीच्या मागच्या भागात, आहे. स्वस्त बंदुकांच्या चेंबरमध्ये यंत्राच्या बारीक रेघा राहिलेल्या असतात. बार झाला की प्लॅस्टिकची पुंगळी फुगून त्या रेघांना चिकटते, आणि झटका दिला तरी एक निघते, दुसरी अडकते. नखाने आतून फिरवून पाहा, रेघ जाणवेल. यावर उपाय बंदूक-मिस्त्रीकडून चेंबर घासून गुळगुळीत करून घेण्याचा. तिथे धातू काढायचा नसतो, फक्त चमक आणायची असते. मागच्या तोंडाची धार थोडी गोल केली तर काडतूस न अडखळता आत पडतं. पुंगळीचाही वाटा असतो: विंचेस्टर एए किंवा रेमिंग्टन एसटीएससारखी गुळगुळीत पुंगळी सुटते, उभ्या रेघांची धरून बसते.

वापरलेली बंदूक असेल तर पुढचा लाकडी भाग काढा, मूठ धरून हलवा. नळ्या खटखटल्या तर बिजागर झिजलंय. मिटल्यावर बंदूक उघडायचा वरचा लीव्हर मधोमध किंवा किंचित उजवीकडे थांबावा. डावीकडे गेला असेल तर कुलूप संपत आलंय. नळ्या सोडवून बोटावर टांगा आणि लाकडाने हलकेच टिचकी मारा. घंटेसारखा नाद आला तर ठीक, फुटक्या मडक्यासारखा आला तर दोन नळ्यांमधली पट्टी सुटली आहे. प्रकाशाकडे धरून आत पाहा, गोल सावली दिसली तर तिथे नळी फुगलेली आहे. फार जुन्या बंदुकीचं चेंबर अडीच इंची असू शकतं आणि आजचं नेहमीचं काडतूस पावणेतीन इंची. ते आत बसतं, हाच घोटाळा आहे, कारण बार होताना काडतुसाचं दुमडलेलं तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या वळून केलेल्या दमास्कस नळ्यांवर आजची काडतुसं चालवू नयेत. ती बंदूक भिंतीवरच शोभते.

बाहेर घोडे, म्हणजे चाप ओढताच आपटणारे हातोडे, असलेली दिसायला देखणी, पण दर वेळी दोन घोडे चढवावे लागतात. सुरुवातीला आत घोडे असलेली, दोन चापांची घ्या. ब्राझीलमध्ये बनणारी स्टोगर सहज मिळते. नवी असताना ती फार घट्ट उघडते, बिजागराला ग्रीस लावून शंभरेक वेळा उघड-मीट केल्यावर सैलावते. हिच्यात आणखी एक खोड: उघडली की सेफ्टी, म्हणजे चाप अडवणारी कळ, आपोआप लागते, आणि तिसरा बार दाबायला जावं तर चाप मुका. सामन्यासाठी बरेच जण हे मिस्त्रीकडून बंद करून घेतात. स्प्रिंगा मऊ करण्याचा मोह मात्र आवरा. पिन हलकी आपटते आणि काडतूस पेटत नाही.

काडतूस हलकं ठेवा. सात पौंडी बंदुकीत सव्वा अकराशे-बाराशे फूट वेगाचं 1⅛ औंसाचं काडतूस आणि हजार फुटांचं ⅞ औंसाचं, यांच्या धक्क्याच्या ऊर्जेत हिशेबाने सुमारे निम्म्याचा फरक पडतो. दहा-पंधरा यार्डांवर पाटी दोन्हींनी पडते. छर्रे शिशाचे, साडेसात किंवा आठ नंबरचे. पोलादी छर्रे लोखंडावरून उलटून येतात म्हणून चालत नाहीत.

दस्ता खांद्याच्या खोबणीत वर, गालाला लागेल इतका. वजन पुढच्या पायावर. पुढचा भाग या बंदुकीत छोटा असतो, बोटं नळीवर जातात आणि वीसेक बारांनंतर भाजतात, तेव्हा पातळ हातमोजा घाला. दोन चापांत पुढचा बहुधा उजव्या नळीचा. धक्क्याने हात पुढे सरकून मधलं बोट चापाच्या कडीवर आपटतं किंवा दुसरा चाप ओढला जाऊन दोन्ही बार एकदम निघतात. मूठ घट्ट आणि अर्धा इंच मागे धरली की दोन्ही टळतं.

भरण्याची लय अशी: दुसरा बार निघताच उजव्या अंगठ्याने लीव्हर, डाव्या हाताने नळ्या खाली, आणि बंदूक सरळ मागे झटकायची. वर-खाली हलवली तर पुंगळीची कड एक्स्ट्रॅक्टरवरून (पुंगळी थोडी बाहेर उचलणारा भाग) घसरून त्याच्याखाली जाते, मग सुरी घेऊन बसा. बंदूक डाव्या हातात राहते, उजवा हात कमरेच्या काडतुसांच्या पट्ट्याकडे. दोन काडतुसं एकदम, तर्जनी-मधल्या बोटाच्या चिमटीत, पितळी बूड मागे. नजर चेंबरवर न्या, पाटीकडे मिटल्यावरच. या सगळ्यात नळीचं तोंड सतत पाट्यांच्या दिशेला हवं: समोरच्या 170 अंशांच्या बाहेर गेलं की तो फेरा बाद. कमरेच्या डाव्या बाजूला पट्टा बांधणारे वळताना हमखास इथेच चुकतात.

घरी सराव खोट्या काडतुसांनी, खरी दुसऱ्या खोलीत ठेवून. रोज वीस वेळा, सावकाश. वेग नंतर येतो. दर शंभर बारांनी कांस्याच्या ब्रशने चेंबर साफ करा, कारण वितळलेलं प्लॅस्टिक तिथेच साचतं आणि गुळगुळीत केलेलं चेंबर पुन्हा पुंगळ्या धरायला लागतं.