‘जुन्या मिलचे निवृत्त जॉबर’

आमच्या घरी पेपर मागून उघडला जायचा. आण्णा आधी निधनवार्ता वाचत, मग उरलेला पेपर. सोलापूरच्या लक्ष्मी-विष्णू मिलच्या साचा खात्यात, म्हणजे मागांवर, त्यांची उभी हयात गेली. नव्वदच्या दशकात मिल बंद पडली. त्या रकान्यात मात्र ती चालूच होती. ‘विष्णू मिलचे निवृत्त कामगार’, ‘जाम मिलचे माजी जॉबर’, ‘एन. जी. मिलमधील फिटर’. (जॉबर म्हणजे कामगारांवरचा मुकादम.) नावाखाली पेठ, त्याखाली मुलं-नातवंडं. आण्णा बोट ठेवून वाचत आणि म्हणत, “हा आमच्या पाळीचा.”

सोलापूर कुणाचं, हे मला त्या रकान्यातून कळलं. शेजारी शेजारी एक तेलुगू पद्मशाली आडनाव, एक कानडी, एक मुसलमान, एक मराठा, आणि चौघांची ओळख एकच, मिल. १८७७ साली सुरू झालेली जुनी मिल माझ्या जन्माआधीच बंद झाली होती, तरी ‘जुन्या मिलचे’ हे दोन शब्द माझ्या लहानपणी छापून येत होते.

या गावात पेपर आणि लढा फार पूर्वीपासून एकत्र आहेत. १९३०च्या मे महिन्यात इथे मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात चौघा स्वातंत्र्यसैनिकांना फाशी झाली: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. यांतले कुर्बान हुसेन स्वतः पत्रकार होते. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचे दिवस आले की पेपरात नंदीध्वजांच्या बातमीशेजारी या चौघांचे फोटो येतात. आम्हा पोरांना ती नावं शाळेच्या आधी तिथे पाठ झाली.

एक गोष्ट मात्र मला तेव्हाही सलायची, आजही सलते. पूर्व भागात घराघरात बायका विड्या वळत. गिरण्या बुडाल्यावर कित्येक घरं त्यांच्याच मजुरीवर तगली. पण रकान्यात त्या कुणाच्या तरी पत्नी, कुणाच्या तरी मातोश्री. त्यांचं काम मी तिथे क्वचितच छापलेलं पाहिलं.

आण्णा गेले तेव्हा मी पेपरच्या कचेरीत गेलो. काउंटरवरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी नाव लिहून घेतलं, वय लिहिलं आणि मान वर न करता विचारलं, “कुठली मिल?” मी सांगितलं. “खातं?” तेही सांगितलं. दुसऱ्या दिवशी दोन्ही बरोबर छापून आलं. आईने तेवढा तुकडा कापून देव्हाऱ्यातल्या पोथीत ठेवला.

परवा तिनेच विचारलं, “माझ्या बातमीत काय घालशील रे?”

“विडी कामगार.”

तिच्या मांडीवर सूप होतं, कात्रीने पान कापणं चालूच होतं. थोड्या वेळाने म्हणाली, “रोजच्या हजार. तेही घाल.”