एक्स प्लस म्हणजे टूल बाहेर

आमच्या नऱ्ह्याच्या शेडमध्ये कंट्रोल पॅनेलच्या दारावर आतल्या बाजूला एक ओळ लिहिलेली आहे. परमनंट मार्करने, माझ्याच अक्षरात: "एक्स प्लस म्हणजे टूल बाहेर. आधी एमडीआय, मग बटण." (एमडीआय म्हणजे कंट्रोलला आज्ञा टाइप करून देणं.) ती ओळ तिथे का आली ते आज सविस्तर लिहिते, कारण धायरीतले एक ओळखीचे दादा सध्या त्यांचा लेथ सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारा, करतायत. परवा त्यांनी फोनवर विचारलं, "ताई, एक्सची बाणाची बटणं उलटी चालतायत. ती सुलट कुठे करायची?" एक्स म्हणजे टूल आत-बाहेर नेणारा अक्ष; जॉबच्या, म्हणजे कापायच्या तुकड्याच्या, लांबीने नेणारा तो झेड. अगदी हाच प्रश्न घेऊन मी एकदा पूर्ण संध्याकाळ घालवली होती आणि त्याचं मला मिळालेलं उत्तर चुकीचं होतं.

आमची मशीन म्हणजे बाबांचा राजकोटचा साडेचार फुटी लेथ, १९९४ साली सेकंडहँड घेतलेला. बाबा औंधच्या आयटीआयचे टर्नर. क्रॉस स्लाइडचं हँडल घड्याळाच्या दिशेने फिरवलं की टूल आत जातं, हे त्यांना आठवावं लागत नाही, मनगटालाच माहीत असतं. २०२१ मध्ये त्यांचा उजवा खांदा धरला आणि दिवसभर हँडल मारणं जमेना. तेव्हा आम्ही दोन्ही अक्षांना बॉलस्क्रू आणि स्टेपर मोटर लावल्या, घरातला जुना पॅरलल पोर्टवाला कॉम्प्युटर शेडमध्ये आणला आणि त्यावर लिनक्ससीएनसी हे मशीन चालवायचं सॉफ्टवेअर टाकलं.

एक्सचा हिशोब असा. स्टेपरच्या एका फेऱ्यात २०० स्टेप्स, ड्राइव्हवर ८ मायक्रोस्टेप, म्हणजे १६०० पल्स. पट्ट्याने एकास दोन कमी केलंय, म्हणजे स्क्रूच्या एका फेऱ्याला ३२००. स्क्रूचा पिच ५ मिलिमीटर. म्हणून एका मिलिमीटरला ६४० पल्स. सेटिंगच्या फाइलमध्ये एक्सच्या स्केलपुढे ६४० लिहिलं, मशीन चालू केली आणि खालचा बाण दाबला.

टूल धरणारा टूलपोस्ट आमच्या पुढच्या बाजूला आहे, ऑपरेटरच्या. फाइलमध्ये लेथ मोड चालू असेल तर खालचा बाण म्हणजे एक्स प्लस, टूल आपल्याकडे यायला हवं. ते पलीकडे गेलं, जॉब धरणाऱ्या चकच्या मध्याकडे. वरचा बाण दाबला तर आपल्याकडे आलं. बटणं उलटी आहेत असंच मला वाटलं. शोधल्यावर कळलं की होम फोल्डरमध्ये एक लपलेली फाइल करून बाणांची कामं बदलता येतात. मी ती केली, दोन बाणांची अदलाबदल केली. खालचा दाबला की टूल बाहेर, वरचा दाबला की आत. हाताला एकदम बरोबर वाटलं आणि मी पुढच्या कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी ईएन८ स्टीलचा ४० मिलिमीटर व्यासाचा तुकडा चकमध्ये धरला. टूल बाहेरच्या अंगाला टेकवलं, कंट्रोलला ही जागा एक्स ४० असं सांगितलं आणि बटणाने टूल लांब काढलं. प्रोग्राम चार ओळींचा: एक्स ४४ आणि झेड २ वर या, एक्स ३८ वर जा, झेड उणे ३० पर्यंत टर्न करा, मग परत एक्स ४४ वर निघा. व्यासाच्या मापात लिहिलेला, म्हणजे एका बाजूने १ मिलिमीटरचा कट.

पहिला पास हवेतच गेला. टूल जॉबपासून मिलिमीटरभर बाहेरून, चकाकत, काहीही न कापता झेडच्या टोकापर्यंत गेलं. मला वाटलं टेकवताना चूक झाली. तेवढ्यात शेवटची ओळ आली, एक्स ४४, रॅपिड, म्हणजे पूर्ण वेगाने. बाहेर निघायच्या वेगाने टूल आत घुसलं. टूलच्या टोकाच्या सीसीएमटी इन्सर्टचा कोपरा उडाला, जॉब चकमध्ये तिरका झाला आणि स्टेपर किंचाळून अडली. तिच्यात तेवढाच जोर होता म्हणून स्पिंडल वाचलं. मी इमर्जन्सी बटणावर हात मारला तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

बाबा स्टुलावरून उठून आले. ओरडले नाहीत. जॉब काढला, चकचे जॉ बघितले आणि मग मला म्हणाले, "पुन्हा एकदा टूल बाहेर काढ बघू. आणि टूलकडे बघू नकोस, स्क्रीनकडे बघ." मी खालचा बाण दाबला. टूल बाहेर येत होतं आणि स्क्रीनवरचा एक्सचा आकडा कमी होत होता.

"अगं, तू बोटं सरळ केलीस," ते म्हणाले. "मशीन उलटीच राहिली."

त्यांनी सीएनसीचा एकही प्रोग्राम तोवर लिहिला नव्हता. पण जागा बरोबर ओळखली. मी बटण फिरवलं होतं, अक्ष नाही. बटणाने चालवताना दोन उलट्यांचं मिळून सुलट होत होतं. प्रोग्रामच्या वाटेत मात्र बटण येतच नाही, तिथे एकच उलटं शिल्लक राहिलं. म्हणून एक्स ३८ म्हटल्यावर टूल जॉबपासून एक मिलिमीटर लांब गेलं आणि एक्स ४४ म्हटल्यावर दोन मिलिमीटर आत. आणि हे सगळं बटणांनी झाकून ठेवलं होतं.

अक्षांची दिशा कुणाच्या मर्जीवर नाही. आयएसओ ८४१ नावाचं मानक आहे, त्याचा सोपा अर्थ एवढाच की टूल जॉबपासून लांब जातं ती बाजू प्लस. लेथवर झेड प्लस म्हणजे चककडून समोरच्या टोकाच्या टेलस्टॉककडे आणि एक्स प्लस म्हणजे स्पिंडलच्या मध्यापासून बाहेर. टूल पुढच्या बाजूला असेल तर बाहेर म्हणजे ऑपरेटरकडे, मागच्या बाजूला असेल तर पलीकडे. "बाहेर" हा शब्द दोन्हीकडे तोच राहतो, म्हणून दारावर तोच लिहिलाय.

मग दिशा खरी सुधारायची कुठे? जिथे आकड्याचे पल्स होतात तिथे. आम्ही स्केलच्या ६४० पुढे उणे लावलं, बस. बाणांची ती लपलेली फाइल पुसून टाकली. दुसरे मार्गही आहेत: दिशेची पिन उलटी करता येते, नाहीतर स्टेपरच्या एका वाइंडिंगच्या दोन तारांची अदलाबदल. तारा बदलायच्या तर ड्राइव्हची पॉवर पूर्ण बंद करून, चालू ड्राइव्हवरून मोटरची तार काढली की ड्राइव्ह जाऊ शकतो. पण मला स्केलचं उणेच आवडतं, कारण ते फाइलमध्ये लिहिलेलं दिसतं. तारा बदलल्या तर उद्या कुणीतरी मोटर काढून रंगाप्रमाणे "नीट" जोडतो आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आणि यातला एकच उपाय करायचा. दोन केले की एकमेकांना खाऊन टाकतात. माक३ या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर होमिंगच्या पानावर त्या अक्षापुढे रिव्हर्स्डची खूण असते. फॅनुकच्या कंट्रोलला मोटरच्या दिशेसाठी २०२२ नंबरचा पॅरामीटर आहे, १११ किंवा उणे १११. कंट्रोल कुठलाही असो, बटण ही शेवटची गोष्ट.

दिशा तपासायची तीही बटणाने नाही. चकमध्ये जॉब नको, टूल मोकळ्या जागेत, क्रॉस स्लाइडला हालचाल मोजणारं डायल गेज लावलेलं. एमडीआयमध्ये जी९१ जी१ एक्स१ एफ५० (आहे तिथून एक्स प्लसकडे १, सावकाश) टाइप करायचं आणि तीन गोष्टी बघायच्या: आकडा वाढला का, टूल बाहेर आलं का, डायल किती फिरली. टाइप केलेली आज्ञा बटणाला वळसा घालून जाते, म्हणून तिच्यापासून काही लपत नाही. मग जी९० लावून आकडे पुन्हा शून्यापासून मोजायला लावा, विसरू नका.

डायलबद्दल एक गोष्ट, कारण इथे दादाही अडकले होते. कंट्रोल व्यासाच्या मोडमध्ये असेल, लिनक्ससीएनसीत जी७, तर एक्स १ म्हटल्यावर डायल अर्धाच मिलिमीटर दाखवते. ते बरोबर आहे. स्केल दुप्पट करू नका. स्केल स्लाइडच्या खऱ्या हालचालीचं असतं, व्यासाचा हिशोब कंट्रोल वेगळा करतो.

तसंच पुढच्या टूलच्या लेथवर वरून बघताना जी२ आणि जी३ चे (घड्याळाच्या दिशेचे आणि उलट दिशेचे) गोल उलटे दिसतात. तेही बरोबर आहे; एक्स आपल्याकडे आणि झेड उजवीकडे घेतला की वाय खाली जातो आणि गोलाची दिशा खालून बघितल्यासारखी धरली जाते. त्यासाठी अक्ष पुन्हा उलटा करायचा नाही.

बटणांचा विषय खरा इथून सुरू होतो, आणि मला तो मनापासून महत्त्वाचा वाटतो. आमच्याकडे अधूनमधून कामाला येणारा एक पोरगा भोसरीत स्लँट बेडच्या सीएनसी लेथवर शिकलाय. तिथे टूल धरणारं टरेट मागे. त्याच्या हाताला "टूल पलीकडे ढकललं की सुटलं" ही सवय. आमच्या लेथवर टूल पलीकडे म्हणजे जॉबमध्ये. घाईत बोट त्याच्या सवयीने जातं, त्यात त्याचा दोष नाही. शिवाय कीबोर्डचे बाण तेलाच्या हाताने सगळे सारखेच लागतात.

म्हणून मी पुण्याच्या तपकीर गल्लीतून चार पुश बटणं, एक डबा आणि केबल आणली. पॅरलल पोर्टला इनपुट पाचच असतात, तेही होम स्विच (मशीनला तिची सुरुवातीची जागा दाखवणारे) आणि इमर्जन्सीत जातात, म्हणून पॅरलल पोर्टचं दुसरं एक पीसीआय कार्ड घेतलं आणि त्याच्या आठ डेटा पिना इनपुट करून टाकल्या. बटणं अधिकच्या खुणेसारखी मांडली. डबा टेलस्टॉकच्या बाजूला, बेडला समांतर, आडवा बसवला. आपल्याकडचं बटण दाबलं की टूल आपल्याकडे, पलीकडचं दाबलं की पलीकडे, डावं चककडे, उजवं टेलस्टॉककडे. बटणांवर प्लस मायनस लिहिलेलंच नाही. आत नेणारं बटण खोलगट आहे आणि बाहेर काढणारं मशरूमसारखं वर आलेलं, न बघता कळतं. सुरुवातीला डबा चालेचना, मी दोनदा वायरिंग तपासलं. लिनक्ससीएनसीच्या २.८ आवृत्तीपासून अक्षाची जॉग बटणं (टूल सरकवणारी) मशीन होम झाल्यावरच चालतात, त्याआधी जॉइंटची, म्हणजे एकेका मोटरची, वेगळी असतात, हे नंतर समजलं. चकजवळ सतत चालणारा जॉग आम्ही वापरत नाही. एका दाबाला एक दशांश मिलिमीटर, तेवढाच.

बाबा आता डबा डाव्या हाताने चालवतात. नजर टूलच्या टोकावर, अंगठा बटणावर, जशी आधी नजर टूलवर आणि हात हँडलवर असायचा.

दादांना मी फोनवर हे सगळं सांगितलं. गुरुवार होता, त्यांच्याकडे लाईट नव्हती, म्हणून ते वहीत लिहून घेत होते. बाणांची फाइल त्यांनीही केली होती, ती पुसायला लावली. रात्री नऊच्या सुमारास त्यांचा मेसेज आला, डायल गेजच्या फोटोसकट: "ताई, आकडा वाढतोय, टूल बाहेर येतंय. पण आता होम स्विच शोधायला स्लाइड भलतीकडे जाते."

त्यांनी होम शोधायच्या वेगाचं चिन्ह उलट्या अक्षाला जुळवून ठेवलं होतं. मी लिहिलं, "होम सर्चचं उणे काढा, दोन्ही लिमिटचे आकडे पुन्हा टाका, स्विच बाहेरच्या टोकाला आहे ना ते बघा. आणि पहिल्यांदा होम करताना हात इमर्जन्सीवर ठेवा."