बळकावलेली जमीन विकत का घ्यायची?

आयर्लंडच्या इतिहासावर बोललो की एक प्रश्न हमखास येतो. "जमीन मुळात त्यांचीच, इंग्रजांनी बळकावलेली. मग ती परत घेताना जमीनदारांना पैसे कशाला मोजले?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. प्रश्नामागचा राग मला कळतो. आमचं घराणं कोकणातल्या खोतांचं, म्हणजे समोरच्या बाजूचं, तरीही कळतो.

खरं कारण अगदी व्यवहारी आहे. कुळाला जमीन विकत घेणं खंड भरण्यापेक्षा स्वस्त पडत होतं.

1903 चा विंडम कायदा घ्या. आयर्लंडचा कारभार पाहणारा ब्रिटिश मंत्री जॉर्ज विंडम, त्याने कुळांना जमीन विकत घेता यावी म्हणून आणलेला. समजा, कुळाचा खंड वर्षाला 20 पौंड. त्याच्या 24 पट धरून किंमत ठरली 480 पौंड. ही रक्कम सरकार जमीनदाराला देणार, शिवाय तिजोरीतून 12 टक्के बक्षिशी, म्हणजे आणखी 57 पौंड 12 शिलिंग. कुळाने फेडायचं ते सरकारला, साडेअडुसष्ट वर्षं, दरसाल सव्वातीन टक्के: पावणेतीन व्याजापोटी, अर्धा मुद्दलापोटी. हप्ता झाला 15 पौंड 12 शिलिंग. म्हणजे पहिल्याच वर्षापासून खंडापेक्षा साडेचार पौंडांच्या आसपास कमी, आणि फेड झाली की सातबारा आपला (तिकडे सातबारा नसतो, पण मुद्दा कळला असेल). जमीनदाराने आपले साडेपाचशेला टेकलेले पौंड साडेतीन टक्क्यांनी गुंतवले, तर वर्षाला जवळपास 19 पौंड घरबसल्या. वसुली नाही, थकबाकी नाही, कारभाऱ्याचा पगार नाही. कोण नाही म्हणेल?

आता हे शहाणपण जमीनदारांना आपोआप सुचलं, असं मात्र समजू नका. 1879 मध्ये मेयो परगण्यातून लँड लीग, म्हणजे कुळांची संघटना, उभी राहिली. पुढच्याच वर्षी कॅप्टन बॉयकॉट या कारभाऱ्याला पीक काढायला गावात माणूस मिळेना. बाहेरून मजूर आणावे लागले आणि त्यांच्या राखणीला फौज. 1881 च्या कायद्याने खंड ठरवायचा अधिकार न्यायालयाकडे गेला आणि खंड उतरू लागले. 1885 मध्ये जमिनीची पूर्ण किंमत कर्जाऊ द्यायची सोय झाली. डिसेंबर 1902 मध्ये डब्लिनला जमीनदारांचे चार आणि कुळांचे चार प्रतिनिधी एका टेबलाशी बसले, तोवर जमीनदारीतला जीव बराच गेलेला होता. विंडमने तिला चांगला भाव दिला, इतकंच.

तुमचाच आक्षेप तेव्हा मायकल डॅविटने घेतला होता. लँड लीगचा हा संस्थापक. चार वर्षांचा असताना त्याच्या कुटुंबाला मेयोतल्या घरातून हुसकून लावलेलं. जमीनदारांना फार मिळतंय, असं त्याचं म्हणणं, आणि जमीन कुणा एकाची न होता राष्ट्राची व्हावी, असा आग्रह. माणूस म्हणून मला तोच जास्त आवडतो. पण ज्याला आपल्या नावावर बांध हवा होता, त्या कुळाने त्याचं ऐकलं नाही. शेतमजुरांच्या हाती तर या खरेदीतून जमीन आलीच नाही.

आपल्या कुळकायद्याशी तुलना होते, ती अर्धीच खरी. 1 एप्रिल 1957 ला मुंबई राज्यात कसणारा कूळ मालक मानला गेला. साध्या कुळासाठी किंमत आकाराच्या (म्हणजे सरकारी शेतसाऱ्याच्या) 20 ते 200 पटींत बसवायची, आणि तीही हप्त्यांनी. बक्षिशी वगैरे काही नाही. आमच्या आजोबांना विंडम भेटता तर त्यांनी त्याला आंब्याची पेटी पाठवली असती.

हप्त्यांचं पुढे काय झालं, तेही ऐका. 1922 मध्ये आयर्लंडचा बहुतेक भाग ब्रिटनपासून वेगळा झाला तरी पैसे लंडनला जातच राहिले. 1932 मध्ये आयरिश नेता डी व्हॅलेरा सत्तेवर आला आणि त्याने ते थांबवले. लंडनने आयरिश गुरांवर जकात बसवली, बाजार कोसळला. 1938 मध्ये 1 कोटी पौंड एकरकमी देऊन प्रकरण मिटलं. दरम्यान डी व्हॅलेराने शेतकऱ्यांचा हप्ता निम्म्यावर आणला होता. माफ नाही केला. उरलेला निम्मा डब्लिनच्या तिजोरीत जमा होऊ लागला.