प्रॉमचा ड्रेस आणि शिलाईतली माया

फेब्रुवारीतला शनिवार, बाहेर बर्फ वितळून रस्त्याकडेला काळा चिखल झालेला, आणि मी एका मोठ्या दुकानात ट्रायल रूमच्या बाहेर हातात चार गाऊन, दोन जॅकेटं आणि लेकीची पर्स घेऊन उभी. मघापर्यंत आतून "आई हा बघ, आई हा नको" असं चाललं होतं आणि मग एकदम शांत. मी विचारलं, अगं झालं का, तर बारीक आवाजात उत्तर आलं, "चेन लागत नाहीये."

ड्रेस सहा नंबरचा. तिची जीन्स सहाची, म्हणून आम्ही सहाच उचललेले, त्यात विचार करण्यासारखं काही असेल असं डोक्यातही आलं नाही. तेवढ्यात तिथली सेल्सवाली आली, दार अर्धवट उघडून बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली की हिला दहा लागेल, कदाचित बारा, आणि हा कट हिच्या बॉडीला नाहीच. माझी मुलगी सतरा वर्षांची आहे. ती कपडे बदलून बाहेर आली, थँक यू म्हणाली आणि घरी येईपर्यंत गाडीत एक शब्द बोलली नाही. मला त्या बाईचा राग आला तो आजही गेलेला नाही, पण त्याहून जास्त वाईट वाटलं ते ह्याचं की मला आधी माहीत असतं तर मी लेकीला आधीच सांगून ठेवलं असतं. म्हणून हे लिहितेय, पुढच्या वर्षी ज्यांच्या मुली बारावीला आहेत त्यांच्यासाठी.

भारतातल्या वाचकांसाठी थोडक्यात, प्रॉम म्हणजे इथे अमेरिकेतल्या हायस्कूलच्या शेवटच्या एकदोन वर्षांतला मोठा समारंभ, संध्याकाळी हॉलमध्ये जेवण आणि नाच, मुलं टक्सिडो घालतात, बरेचदा भाड्याने आणलेला, मुली लांब गाऊन. नाव प्रॉमेनेड ह्या शब्दावरून आलंय. आमच्याकडे न्यू जर्सीत शाळा जूनच्या शेवटापर्यंत चालते त्यामुळे प्रॉम मे-जूनमध्ये येतो, पण ड्रेसची धावपळ जानेवारीतच सुरू, कारण बुटीकमध्ये ऑर्डर दिलेला गाऊन हातात यायला दोन-तीन महिने सहज जातात आणि मग अल्टरेशनला वेगळा वेळ.

आपल्यापैकी बहुतेक आया लग्न करून किंवा नोकरीसाठी इकडे आलेल्या, प्रॉम आपण बघितलेलाच नाही. माझ्याकडे आठवण आहे ती कराडच्या ज्युनिअर कॉलेजच्या निरोप समारंभाची. आईची मोरपंखी रेशमी साडी, आणि ब्लाउजही आईचाच, तो मला दंडाला आणि छातीला घट्ट. आई मला घेऊन कोपऱ्यावरच्या शिंपीकाकांकडे गेली, त्यांनी ब्लाउज उलटा केला, शिलाई बोटाने चाचपली आणि म्हणाले, "माया आहे आत, संध्याकाळी घेऊन जा." बस. कुठला नंबर नाही, काही नाही. शिवताना आत जे जास्तीचं कापड सोडतात त्याला आपण माया म्हणतो हे मला तेव्हाच कळलं, आणि ब्लाउज बसला नाही तर उसवायचा तो ब्लाउज, आपल्यात काही चुकलंय असं मनातही येत नसे.

त्या शनिवारी रात्री मला झोप येईना, लेकीच्या खोलीतला दिवा चालू होता, मी फोनवर हे साइझचे आकडे मुळात आले कुठून ते शोधत बसले. तर १९३९-४० साली अमेरिकेच्या शेतीखात्याने देशभरातल्या जवळपास १५,००० बायकांची मापं घेतली, एकेकीची ५९ मापं. त्या पाहणीचा आधार घेऊन १९५८ साली सरकारने साइझचं एक स्टँडर्ड छापलं. त्यात आठ नंबर म्हणजे छाती ३१ इंच आणि कंबर साडेतेवीस. आज एवढ्या बारीक मुलीला बरीच दुकानं डबल झिरो, म्हणजे शून्याहूनही लहान नंबर, देतील! कंपन्यांनी ते स्टँडर्ड कधी नीट पाळलंच नाही आणि १९८३ साली सरकारने ते काढूनच टाकलं. तेव्हापासून ज्याचा त्याचा नंबर. रोजच्या कपड्यांचे ब्रँड गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून मोठ्या मापावर लहान आकडा लावत गेले, आणि लग्नाचे-प्रॉमचे गाऊन करणारे बरेच जण जुन्या लहान मापांनाच धरून राहिले, म्हणून जीन्स सहाची आणि गाऊन दहाचा हे अगदी नेहमीचं आहे, मुलगी तीच.

आणि एक गोष्ट वाचून मी उठून बसले. त्या पाहणीत हिशोबात धरली ती फक्त गोऱ्या बायकांची मापं.

सकाळी पोहे करताना मी हे सगळं लेकीला सांगितलं. तिने स्वतः परत शोधून वाचलं, सगळं वाचलं, आणि म्हणाली, "म्हणजे आपण त्यात नव्हतोच." मी म्हटलं नव्हतोच बाळा. मग पहिल्यांदा ती नीट बोलायला लागली, दुकानात काय वाटलं ते, आणि रडली पण.

मग आम्ही टेप काढली. छाती, कंबर, हिप्स, आणि खांद्यापासून जमिनीपर्यंत, हे शेवटचं मात्र जे सँडल त्या दिवशी घालणार तेच घालून, कारण दोन इंच हील बदलली की सगळी लांबी बदलते. गाऊन घेताना ज्या मापाला सगळ्यात मोठा नंबर लागतो त्याच्यावर साइझ ठरवायचा आणि बाकीचं आत घ्यायचं, आत घेणं सोपं असतं, सोडणं मात्र आत माया असेल तरच. लेकीच्या ओळखीच्या एका मुलीने ऑनलाइन खूप स्वस्तात गाऊन मागवला, फोटोत एक आणि आलं भलतंच, पातळ कापड, शिलाईला पाव इंचसुद्धा कापड सोडलेलं नाही, बिचारीचे पैसे गेले.

मला मनातून फार वाटत होतं की हिने पैठणीचा लेहंगा घालावा. इथल्या बऱ्याच देसी मुली प्रॉमला लेहंगा घालतात आणि काय सुंदर दिसतात. मी विषय काढला तर ती म्हणाली, "आई, साडी मी गणपतीला नेसते, दिवाळीला नेसते, प्रॉमला मला प्रॉमचाच ड्रेस हवाय." दोन दिवस मला लागलं ते, खोटं कशाला सांगू. मग पटलं.

पुढचे तीन शनिवार दुकानंच दुकानं. सिक्विन्सचे, म्हणजे टिकल्यांचे गाऊन दिसतात झगमगीत पण काखेत इतके टोचतात की तासाभराने हात वर करवत नाही. स्ट्रॅपलेस सारखा वर ओढावा लागतो. एका लहान बुटीकमध्ये बाईंनी आधी शाळेचं नाव विचारलं, त्या वहीत लिहून ठेवतात कुठल्या शाळेच्या मुलीने कुठला ड्रेस कुठल्या रंगात घेतला, म्हणजे त्या शाळेला तोच ड्रेस परत विकत नाहीत. हे मला फार आवडलं. (शाळेतल्या मुलींचा स्वतःचा इन्स्टाग्राम ग्रुपही असतो, तिथे प्रत्येक जण आपला ड्रेस टाकते, तेही त्याच कारणाने.) ह्या बाईंनी नंबर विचारलाच नाही, टेप घेतली, मापं मनातल्या मनात वाचली आणि आतून तीन गाऊन आणले.

तिसरा तो होता. बॉटल ग्रीन, साधं सॅटिन, एक टिकलीसुद्धा नाही, पाठीला चेनच्या ऐवजी नाडीने आवळायचं, त्याला कॉर्सेट बॅक म्हणतात, आणि माझं मत विचाराल तर वाढत्या वयाच्या मुलींसाठी हेच घ्यावं, दोन महिन्यांत अंग इंच-दोन इंच इकडेतिकडे झालं तरी नाडी सांभाळून घेते. ती बाहेर आली, आरशात बघितलं, मग मी न सांगताच तिने खुर्चीवर बसून पाहिलं, हात वर केले, दोन गिरक्या घेतल्या. मी तिथूनच कराडला व्हिडिओ कॉल लावला. आजीकडे रात्र झालेली, चष्मा शोधून तिने नीट बघितलं. वाटलं पाठ उघडी आहे म्हणून बोलेल, तर म्हणाली, "रंग छान आहे गं, आतून उलटा करून माया बघा." आम्ही दुकानातच कडा उलटून बघितलं. दोन्ही बाजूंना पाऊण-पाऊण इंच होती. लेबलवर दहा लिहिलेलं होतं, ते लेकीने वाचलं आणि "ओके" म्हणाली, बस एवढंच. २६० डॉलर, आणि न्यू जर्सीत कपड्यांवर सेल्स टॅक्स नाही त्यामुळे तेवढेच.

अल्टरेशन मी ओक ट्री रोडवरच्या, म्हणजे आमच्याकडच्या देसी बाजारातल्या, एका गुजराती मावशींकडे दिलं, त्या ब्लाउज शिवतात. सँडल घालून लेक स्टुलावर उभी, मावशी खाली बसून टाचण्या लावतायत, तोंडात टाचण्या धरून बोलतायत, अगदी शिंपीकाकांसारख्या. कंबरेला थोडं आत घ्यायचं होतं. मावशींनी विचारलं, अंदरका एक्स्ट्रा काट दूँ क्या, फिटिंग और साफ आयेगा. मी तोंड उघडायच्या आत लेक वरून म्हणाली, "नाही नाही, माया राहू दे." मावशींना ते कळलं नाही, म्हणून मी सांगितलं, मार्जिन रहने दो.

प्रॉम जूनमध्ये झाला. रात्री एक वाजता मी हॉलबाहेर गाडी लावून थांबलेले, ती आली तेव्हा सँडल हातात, केस सुटलेले, गाऊनची कड धुळीने माखलेली, आणि इतकी खुश, गाडीत बसल्या बसल्या म्हणाली आई खूप नाचलो, आणि भूक लागलीय, तिथलं जेवण काही खाल्लंच नाही. घरी येऊन मी वरणभात गरम केला, वर तूप, लिंबाचं लोणचं. ड्रेस बदलून ये म्हटलं तर ऐकेना, नाडी जराशी सैल केली आणि तशीच खायला बसली.