मॅचच्या आधीच ऑफर आली तेव्हा
2011-12 च्या सीझनची गोष्ट आहे, अमेरिकेत रेसिडेन्सीच्या, म्हणजे डॉक्टर झाल्यावरच्या ट्रेनिंगच्या, सीट्स मॅचमधून मिळतात: उमेदवार आणि हॉस्पिटलं एकमेकांची पसंतीची यादी देतात आणि कॉम्प्युटर जोड्या लावतो. तेव्हा आमच्यासारख्या बाहेर एमबीबीएस केलेल्यांना प्रीमॅच मिळायचा, म्हणजे हॉस्पिटल मॅचच्या बाहेरच थेट कॉन्ट्रॅक्ट द्यायचं. 2013 च्या मॅचपासून ऑल इन पॉलिसी आली आणि मॅचमध्ये असलेल्या प्रोग्रॅमना सगळ्या सीट्स मॅचमधूनच भरायला लागल्या, त्यामुळे आमची बॅच तशी शेवटचीच.

मला जानेवारीत इंटर्नल मेडिसिनची ऑफर आली, छोटं कम्युनिटी हॉस्पिटल, उत्तर द्यायला एक आठवडा. एका युनिव्हर्सिटी प्रोग्रॅमचा इंटरव्ह्यू पण छान झाला होता आणि पुढे कार्डिओलॉजी करायची तर तिथूनच फेलोशिप, म्हणजे रेसिडेन्सीनंतरचं स्पेशलायझेशन, सोपी जाणार हे दिसत होतं. पण सही केली की मॅचमधून नाव काढायचं, मग तो प्रोग्रॅम विसरायचा. आणि नाही म्हणावं तर परदेशी आयएमजींपैकी, म्हणजे अमेरिकेबाहेर शिकलेल्या आणि तिथले नागरिक नसलेल्या डॉक्टरांपैकी, शंभरातले चाळीसच्या आसपासच मॅच होत होते, उरलेल्या साठात आपण असलो तर? स्टेप 3, म्हणजे अमेरिकन लायसन्स परीक्षेचा शेवटचा टप्पा, दिलेली नव्हती म्हणजे एच-1बी व्हिसा तसाही होणार नव्हता, जे-1 या एक्स्चेंज व्हिसावरच जायचं होतं, म्हणजे ट्रेनिंगनंतर दोन वर्षं भारतात परत नाहीतर डॉक्टर कमी असलेल्या भागात नोकरी करून वेव्हर, म्हणजे त्या अटीतून सूट, हे दोन्हीकडे सारखंच, त्यामुळे व्हिसाचा विचार मी सोडून दिला.

चार दिवस झोप नाही. शेवटी मिरजेला बाबांना फोन लावला, त्यांनी परीक्षांसाठी पीएफमधून पैसे काढले होते, वाटलं आता लगेच हो म्हण म्हणतील. ते म्हणाले, "पैशाचं राहू दे बाळा, तिथली माणसं कशी वाटली तुला?"

मग त्या छोट्या हॉस्पिटलमधलं इंटरव्ह्यूच्या दिवशीचं जेवण आठवलं. एक इंटर्न पहिला घास घेणार तेवढ्यात तिचा पेजर वाजला आणि शेजारी बसलेल्या अटेंडिंगने, म्हणजे सीनियर डॉक्टरांनी, हात पुढे करून तो तिच्याकडून घेतला, "आधी जेव" म्हणाले आणि स्वतः उठून फोन करायला गेले. टेबलावर कोणालाच त्यात विशेष वाटलं नाही, इंटर्न पण सहज जेवत राहिली, म्हणजे तिथे हे रोजचंच असणार. युनिव्हर्सिटीत सगळं मोठं होतं, लायब्ररी, रिसर्च, पण रेसिडेंट्स आमच्याशी बोलताना आधी मागे कोण उभंय ते बघत होते.

त्याच रात्री सही करून मेल पाठवला आणि मॅचमधून नाव काढलं. कन्फर्म करायच्या बटणावर बोट बराच वेळ अडलं होतं हे खरंय.

मार्चमध्ये मॅचच्या आठवड्यात सोमवारी माझ्या रूममेटला मेल आला, मॅच नाही. मॅच न झालेल्यांनी रिकाम्या सीट्ससाठी धावपळ करायची ते स्क्रॅम्बल, त्या वर्षी पहिल्यांदाच त्याच्या जागी सोप (SOAP) आलं होतं, नवीन सिस्टिम, आम्हाला कोणालाच धड माहीत नाही. मी वरणभाताचा कुकर लावला आणि तिच्या शेजारी लॅपटॉप घेऊन बसले, रिकाम्या सीट्सच्या यादीतून एकेक प्रोग्रॅम वाचून दाखवत होते आणि ती अप्लाय करत होती.