दिवाडीची रेकी: फेरी दहा मिनिटांची, हिशेब दोन तासांचा

शूटिंगआधी जागेची पाहणी म्हणजे रेकी करायला मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर जायचं, तर फेरीबोट लागते. “जुन्या गोव्याहून दहा मिनिटांत पलीकडे” असं कोणी सांगितलं, तर आधी विचारा: कशावर बसून? बाइकवर एकटा माणूस असेल तर खरं आहे. चौदा जणांचं युनिट, सामानाने भरलेला छोटा हत्ती आणि दोन गाड्या असतील तर साफ खोटं. पाणी ओलांडायला वेळ लागत नाही, वेळ धक्क्यावर जातो. पुढे चार गाड्या उभ्या असल्या की तिन्ही वाहनं एका फेरीत बसत नाहीत. कॅमेरा अलीकडे आणि बॅटऱ्या पलीकडे, अशी गत होते. रविवारी तर पर्यटकांची रांग असते, त्या दिवशी युनिट हलवूच नये.

म्हणून रिकाम्या हाताने केलेली रेकी इथे फुकट. टेम्पो भरा, कॉल टाइमलाच (युनिटला बोलावण्याच्या वेळेला) धक्क्यावर उभे राहा आणि घड्याळ लावा. आमचा सहाचा कॉल होता, सातला पहिला शॉट धरला होता. बेटावर ट्रायपॉड उभा राहिला तेव्हा सव्वाआठ झाले होते. डिसेंबरात सूर्य सातच्या आत उगवतो, म्हणजे ज्या कोवळ्या उजेडासाठी बेट निवडलं तोच हातचा गेला. संध्याकाळी सहा-सव्वासहाला मावळतो, तिथेही वाट पाहायला जागा नाही.

सामान गाड्यांमध्ये विभागताना खात्यानुसार विभागू नका. पहिल्या गाडीत कॅमेऱ्याची बॉडी, एक लेन्स, कार्डं, दोन बॅटऱ्या, रेकॉर्डर आणि बूम माइक. बाकीचं तासभर उशिरा आलं तरी एक शॉट निघतो. ओहोटीला उताराचा कोन वाढतो आणि लादलेल्या टेम्पोचं पोट घासू शकतं. लाइटच्या पेट्या पट्ट्यांनी आवळा, सी-स्टँड (लाइटचे जड लोखंडी स्टँड) आडवे ठेवा.

स्पष्टच सांगायचं तर बेटावर झोपणार नसाल तर बेटावर शूट करू नका. दोन घरं भाड्याने घ्या, जेवण तिथेच सांगा. रोजच्या दोन फेऱ्यांत गेलेले तास बारा तासांच्या शिफ्टमधून जातात, त्यापुढे राहण्याचा खर्च किरकोळ आहे.

पाण्याकाठचे सीन असतील तर भरतीचं कोष्टक कॉलशीटला, म्हणजे युनिटच्या रोजच्या वेळापत्रकाला, जोडा. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. आज दहाला बांधाशी पाणी लागलं होतं, तर चार दिवसांनी त्याच वेळी चिखल दिसेल आणि कंटिन्युइटी (शॉटमागून शॉटचा मेळ) गेली. उधाणाचे दिवस, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे, आणि भांगेचे, म्हणजे मधले कमी भरती-ओहोटीचे दिवस, यांतही फरक पडतो. एकच सीन दोन दिवसांत मोडायचा असेल तर दुसऱ्या दिवशी तासभर उशिरा लावा.

आवाजाबद्दल कोणीच सांगत नाही. कोकण रेल्वे या बेटावरून जाते. प्रवासी गाड्यांच्या वेळा मिळतात, मालगाड्यांच्या नाहीत. साउंडवाल्याला रेकीला न्या, तासभर डोळे मिटून बसवा. सकाळी पोदेराचा, म्हणजे सायकलवरच्या पाववाल्याचा, पोंपों, मग मासेवाल्याचा हॉर्न. (पोदेराला हात करून थांबवता येतं, पाव घेतले की तो खूश.)

घराचं भाडं हा दुसरा सापळा. रेकीला ऐकलेला आकडा करारावेळी दुप्पट होतो, कारण मधे ‘शूटिंग’ हा शब्द कानावर जातो. पहिल्याच भेटीत लिहून घ्या: किती तास, किती माणसं, वीज धरून की वेगळी, अंगणात पार्किंग, भिंतीला खिळा चालेल का. चावी देणारा राखणदार मालक नसतो. गोव्यातली जुनी घरं बहुधा अनेक वारसांची असतात, त्यातले काही मुंबईत, काही लिस्बनला. सही कोण करणार ते आधी ठरवा, विवाहित मालक असेल तर नवरा-बायको दोघांची घ्या. राज्याची परवानगी पणजीतल्या एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवाकडून मिळते, पण घर, चर्च, देऊळ, कोमुनिदादची (गावाच्या सामाईक संस्थेची) जमीन यांचा होकार त्यात येत नाही.

वीज तपासा. 15 अँपिअरचा पॉइंट कागदावर 3,400 वॉट देतो, पण जुन्या वायरिंगवर निम्म्याच्या वर जाऊ नका. पंखा, फ्रिज बंद करून मग मोजा. ट्यूबलाइटखाली फ्लिकर (चित्रातली लुकलुक) नको असेल तर 25 फ्रेमला शटर 1/50, 24 फ्रेमला शटरचा कोन 172.8 अंश.

ड्रोनचा विचार करत असाल तर दाबोळीला नौदलाचा तळ आहे, नकाशावर झोन बघितल्याशिवाय उडवायचं नाही.

पणजीचे दोन दिवस सुरळीत गेले, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. फक्त नोव्हेंबरच्या उत्तरार्धात इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो, तेव्हा खोल्यांचे दर विचारूच नका.

शेवटच्या फेरीची वेळ धक्क्यावरच्या माणसाला विचारा आणि पाटीचा फोटो काढून ठेवा. चुकली तर बेटावरच्याच नार्व्याच्या धक्क्यावरून डिचोलीकडे निघता येतं, पण तिथूनही फेरीच आहे आणि रात्री तीही थांबते.