सांबरा–कोल्हापूर–सांबरा, छोट्या विमानातून: वाटेच्या खुणा आणि रेडिओवरचं बोलणं

मी विमान चालवायला शिकते. डिसेंबरातल्या एका सकाळी सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, कोल्हापूरला जाऊन आले. चार आसनांचं सेस्ना १७२, उजवीकडे शिकवणारे सर, डावीकडे मी. सरळ रेषेत अंतर सुमारे ५२ सागरी मैल. चढाई-उतराई धरून एका बाजूला पाऊण तास धरा. जाताना ६,५०० फूट, येताना ५,५०० फूट. सांबऱ्याची धावपट्टीच जवळपास अडीच हजार फुटांवर आहे, त्यामुळे आकड्यावरून वाटते तेवढी उंची खाली उरत नाही.

सगळ्यात मोठा धडा मात्र चाकं जमिनीवर असतानाच मिळाला. इंजिनाची तपासणी आटोपून धावपट्टीच्या अलीकडच्या रेषेवर थांबले होते. एक प्रवासी विमान उतरायला येत होतं. टॉवरकडून सूचना आली, "बिहाइंड द लँडिंग एटीआर, लाइन अप रनवे झिरो एट, बिहाइंड." म्हणजे ते उतरणारं एटीआर विमान पुढून गेलं की त्याच्यामागून धावपट्टी शून्य-आठवर येऊन उभी राहा. मी लगेच उत्तर दिलं, "लाइनिंग अप, रनवे झिरो एट." क्षणात टॉवर म्हणाला, "निगेटिव्ह, होल्ड शॉर्ट." नाही, रेषेच्या अलीकडेच थांब.

माझे पाय अजून ब्रेकवरच होते. पण ते सुदैवच. मला 'लाइन अप' ऐकायचं होतं आणि मी तेवढंच ऐकलं. उतरणारं विमान गेल्यावरच आत जायचं, ही अट कानावरून गेली. 'बिहाइंड' वाक्याच्या दोन्ही टोकांना म्हणतात ते यासाठीच, की एक निसटला तरी दुसरा सापडावा. मी दोन्ही सोडले. माझं उत्तर नियंत्रकाने लक्ष देऊन ऐकलं, म्हणून चूक शब्दांतच थांबली. सूचना परत म्हणून दाखवायची पद्धत त्यासाठीच आहे, आणि ती अटीसकट म्हणायची. सर एवढंच बोलले, "काय ऐकलंस ते सांग. काय वाटलं ते नको."

यावर मी पुढे खूप विचार केला. आम्ही सीमाभागातली माणसं अर्धं ऐकून पुरं समजून घेण्यात वाढतो. बेळगावच्या गणपत गल्लीतल्या बाजारात मी मराठीत भाव विचारते, समोरून कानडीत उत्तर येतं. 'ऐवत्तु' म्हणजे पन्नास, 'अरवत्तु' म्हणजे साठ. नीट ऐकू आलं नाही तर बोटं दाखवतो, हसतो, व्यवहार पुरा होतो. या सवयीचा मला अभिमान आहे, तिच्यामुळे तीन भाषांचं गाव एकत्र नांदतं. पण रेडिओवर बोटं दिसत नाहीत. तिथे 'हं, कळलं' म्हणायची जीभ आवरावी लागते. 'रॉजर'चा अर्थ 'ऐकलं' एवढाच, 'करतो' नव्हे. त्यामुळे धावपट्टी, उंची, दिशा आणि हवेच्या दाबाचा आकडा यांना नुसतं 'रॉजर' हे उत्तरच नाही, ते आकडे परत म्हणायचे.

उड्डाणानंतर डावीकडे वळून काकतीच्या बाजूने वर चढलो. पुढे वाट सोपी आहे, हायवे सोडू नका. यमकनमर्डी, उजवीकडे हिडकल धरणाचं पाणी, मग संकेश्वर, निपाणी. हंगाम चालू असला तर साखर कारखान्यांच्या धुरावरून वाऱ्याची दिशा कळते. आमच्या वेळी धूर पश्चिमेला झुकलेला होता. निपाणीवर मी जरा जास्तच वेळ खाली बघितलं, घर तिथलं.

ठिकाण सांगताना मात्र गावांच्या नावांवर विसंबू नका. नियंत्रक कुठल्याही राज्यातून बदलून आलेला असतो, यमकनमर्डी त्याला कुठून माहीत असणार? विमानतळापासून किती मैल, कुठल्या दिशेला आणि किती उंचीवर, हे सांगा. गावाचं नाव हवं तर शेवटी.

परतताना सांबऱ्याच्या धावपट्टीभोवतीच्या चकरेत आणखी एक प्रशिक्षण विमान होतं. विमानाची नोंदणीची अक्षरं हेच रेडिओवर त्याचं नाव, आणि त्याच्या आणि आमच्या नोंदणीत एकाच अक्षराचा फरक. टॉवरने एकाला काही सांगितलं आणि दोघांनीही एकदम बटण दाबलं. कानात नुसती किंचाळी, शब्द एकही नाही. अशा वेळी दोन श्वास थांबा आणि मग आपल्या विमानाचं पूर्ण नाव घेऊन विचारा, "से अगेन," पुन्हा सांगा. यात कमीपणा नाही.

ती किंचाळी ऐकली की मला टेनेरिफ बेटावरचा विमानतळ आठवतो. २७ मार्च १९७७ ला तिथे धुक्यात केएलएम आणि पॅन अॅम या कंपन्यांची दोन जंबो विमानं धावपट्टीवर आदळली, ५८३ माणसं गेली. केएलएमचा वैमानिक म्हणाला, आम्ही 'अॅट टेकऑफ', म्हणजे निघालोच आहोत. टॉवरने त्याचा अर्थ 'तयार आहेत' असा घेतला आणि 'ओके' म्हटलं. त्यानंतरचं 'थांबा', आणि त्याच क्षणी पॅन अॅमचं 'आम्ही अजून धावपट्टीवर आहोत', ही दोन्ही वाक्यं एकमेकांवर आदळून आवाजात बुडाली. म्हणून आज 'टेकऑफ' हा शब्द परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरतात. एरवी 'डिपार्चर' म्हणायचं. तुम्हीही तेवढं कटाक्षाने पाळा.

अडचणीत असाल तर आडून सांगू नका. १९९० साली न्यूयॉर्कजवळ आव्हियांकाचं विमान इंधन संपून कोसळलं, ७३ जण गेले. इंधन संपत आल्याचं ते सांगत होते, पण आणीबाणी जाहीर करणारा शब्द त्यांनी उच्चारला नाही. हिडकलच्या पाण्यावर ढग आले, वाट चुकली, इंजिन अडखळलं, तर आपल्या भिडस्तपणाला तिथेच सोडा. तातडीची अडचण असेल तर 'पॅन पॅन', जिवावर बेतलं असेल तर 'मेडे', तीनदा, स्पष्ट.

बाकी किरकोळ. मांडीवरच्या वहीत सूचनेसाठी ठरावीक जागा आखून ठेवा आणि ऐकताना लिहा, ऐकून झाल्यावर नव्हे. निघण्याआधी त्याच दिवशी आणखी कुठली विमानं उडणार आहेत आणि त्यांची शेवटची अक्षरं काय, ते फळ्यावर बघून घ्या. सकाळी लवकर निघालात तर हवा शांत मिळते. दुपारी हायवेलगतच्या टेकड्यांवर विमान बरंच हलतं आणि हलत्या हाताने लिहिलेला आकडा मलाच वाचता आला नव्हता.